गाडीचा कार्बन सांगणारे ओबीडी अडॅप्टर आणि ॲप: एक परीक्षण

स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या ओबीडी सॉकेटमध्ये, म्हणजे गाडीतील बिघाड तपासण्यासाठी दिलेल्या जोडणीत, बसवायचे काडेपेटीएवढे ब्लूटूथ अडॅप्टर आणि त्याच्याशी जोडून चालणारे फोनवरचे ॲप, अशी ही जोडी आहे. गाडी रस्त्यावर धावत असताना दर किलोमीटरला किती ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो ते आम्ही मोजून दाखवतो, असा विक्रेत्याचा दावा आहे. या घडणीची अडॅप्टर अनेक नावांनी विकली जातात आणि त्यांच्या ॲपमधला हिशेबही थोड्याफार फरकाने त्याच सूत्रांवर चालतो, म्हणून या परीक्षणात नावाऐवजी हिशेबच तपासला आहे. त्यासाठी मुख्यतः टर्बो नसलेली एक साधी पेट्रोल गाडी वापरली, आणि तुलनेपुरती एक डिझेल गाडी घेतली.

सर्वात आधी हे सांगायला हवे की हे यंत्र धुराच्या वाटेलाही जात नाही. रस्त्यावरचे उत्सर्जन खरोखर मोजायचे तर गाडीच्या मागे पेम्स नावाचे फिरते उपकरण बसवावे लागते. एक्झॉस्ट पाइपातून जाणाऱ्या वायूचा प्रवाह आणि त्यातील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण ते सेकंदागणिक नोंदवत जाते. युरोपीय संघात नव्या मॉडेलांसाठी २०१७ पासून जी रस्त्यावरची चाचणी बंधनकारक झाली, ती याच उपकरणाने घेतली जाते, आणि तिथेही मर्यादा आहे ती नायट्रोजन ऑक्साइड व सूक्ष्म कणांवर. कार्बन डायऑक्साइड नोंदवला जातो, पण त्या चाचणीत त्याला मर्यादा नाही. आपल्या हातातले अडॅप्टर इंजिनाच्या संगणकाला, म्हणजे ईसीयूला, फक्त प्रश्न विचारते. मिळालेल्या उत्तरांवरून इंधनाचा आणि इंधनावरून कार्बनचा अंदाज बांधण्याचे काम ॲप करते. त्यामुळे पडद्यावर जे दिसते ते एका प्रतिमानाचे उत्तर असते, आणि त्या प्रतिमानाची गृहीतके कुठे टिकतात व कुठे कोलमडतात यावरच या वस्तूची किंमत ठरवली पाहिजे.

हिशेब कसा चालतो ते एका क्षणापुरते जवळून पाहू. गाडी सपाट रस्त्यावर ताशी ७२ किलोमीटरच्या स्थिर वेगाने चालली आहे. ॲप ईसीयूकडे हवेच्या प्रवाहाचा आकडा मागते आणि उत्तरात ०३ आणि ई८ असे दोन बाइट येतात. सोळा पायाच्या या संख्येचे दशमान रूप १००० आणि त्याला १०० ने भागले की सेकंदाला १० ग्रॅम हवा इंजिनात जात आहे असे कळते. पेट्रोलच्या संपूर्ण ज्वलनासाठी एका ग्रॅमला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते, म्हणजे त्या सेकंदाला ०.६८ ग्रॅम पेट्रोल जळले. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळले की साधारण ३.१७ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो, म्हणजे सेकंदाला २.१६ ग्रॅम. या वेगाने एक किलोमीटर कापायला ५० सेकंद लागतात, त्यामुळे पडद्यावर १०८ ग्रॅम प्रति किलोमीटर हा आकडा उमटतो. सगळी किमया एवढीच आहे, आणि स्थिर वेगात, गरम झालेल्या इंजिनावर ती चांगली साधते, कारण पेट्रोल इंजिनाचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट चालावा म्हणून ईसीयू स्वतःच हवा आणि इंधन यांचे प्रमाण या १४.७ च्या अगदी जवळ राखत असतो. गृहीतक ॲपने धरलेले असले तरी ते सांभाळण्याचे काम गाडी करते.

इथे एक सुखद गोष्ट आढळली, जी माहितीपत्रकात कुठेही लिहिलेली नाही. ॲपच्या सेटिंगमध्ये इंधनाचा प्रकार विचारतात आणि इथेनॉलमिश्रित पेट्रोल निवडायचे राहून गेले तर काय, अशी शंका स्वाभाविक आहे. दहा टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलला हवा थोडी कमी लागते, सुमारे १४.१ पट, म्हणजे तेवढ्याच हवेत इंधन जास्त जळते. पण इथेनॉलमध्ये कार्बनचे प्रमाण कमी असल्याने त्या इंधनाच्या एका ग्रॅममागे कार्बन डायऑक्साइडही ३.०४ ग्रॅमच्या आसपासच निघतो. दोन्ही फरक एकमेकांना जवळजवळ पूर्ण छेदतात. म्हणजे सेटिंग चुकले तर लिटरचा आकडा चार टक्क्यांहून थोडा अधिक चुकतो, कार्बनचा मात्र फारसा हलत नाही. हवेवरून कार्बन काढण्याच्या या पद्धतीचा हा अंगभूत गुण आहे आणि त्याबद्दल तिला पूर्ण गुण दिले पाहिजेत.

अडचण सुरू होते ती ॲक्सिलरेटरवरून पाय काढल्यावर. गाडी गिअरमध्ये असताना पाय उचलला की आजची इंजेक्शन इंजिने इंधन पूर्ण बंद करतात. चाकेच इंजिनाला फिरवत राहतात. हवा मात्र आत जातच असते, आणि हवेवरून इंधन काढणाऱ्या ॲपला यातले काही कळत नाही. सेकंदाला ३ ग्रॅम हवा दिसली की ते इमानदारीने ०.६५ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड लिहून मोकळे होते, जेव्हा प्रत्यक्षात एक्झॉस्टमधून नुसती हवा बाहेर पडत असते. लांब उतारावर हा भास डोळ्यांनी पाहता येतो: उताराच्या शेवटापर्यंत आलेख शून्याला टेकतच नाही. ईसीयूकडे इंधन यंत्रणेच्या स्थितीचा वेगळा आकडा असतो आणि वेग कमी होताना इंधन तोडले आहे का, याचा सुगावा त्यातून लागतो. तो विचारण्याची सोय या ॲपमध्ये आहे, पण ती 'प्रगत' नावाच्या पानावर तिसऱ्या पडद्याखाली, मुळात बंद अवस्थेत ठेवलेली आहे. ती चालू केल्याबरोबर शहरातल्या वर्दळीतील आकडे लक्षणीय खाली येतात. जी गोष्ट आपोआप चालू असायला हवी ती शोधून काढावी लागते, हा या ॲपचा माझ्या मते सर्वात मोठा दोष आहे.

उलट दिशेची चूक थंड इंजिनात आणि पूर्ण थ्रॉटलवर होते. गाडी सुरू केल्यानंतरची पहिली काही मिनिटे, आणि ओव्हरटेक करताना ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबल्यावर, ईसीयू ठरलेल्या प्रमाणापेक्षा जास्त इंधन सोडतो, १४.७ चे गृहीतक धरून बसलेले ॲप तेवढे इंधन हिशेबात घेतच नाही. अशा वेळी इंधनाचा काही भाग कार्बन मोनॉक्साइड आणि अर्धवट जळलेल्या हायड्रोकार्बनच्या रूपाने बाहेर पडतो, म्हणून कार्बन डायऑक्साइडची चूक इंधनाच्या चुकीवरून थेट काढता येत नाही. इंधनाची चूक मात्र राहतेच. ईसीयूने आज्ञा दिलेले हवा-इंधन गुणोत्तर आणि इंधनाच्या अल्पकालीन व दीर्घकालीन दुरुस्त्या वाचून ही चूक बरीच सावरता येते. अनेक गाड्या हे आकडे देतात, काही देत नाहीत.

आता मुख्य मुद्दा, ज्याच्यासाठी हे परीक्षण लिहावेसे वाटले. ॲपमध्ये 'टाकीशी जुळवा' नावाची सोय आहे: टाकी पूर्ण भरायची, गाडी चालवायची, पुन्हा पूर्ण भरायची आणि पंपावर किती लिटर बसले ते ॲपला सांगायचे. ॲप स्वतःच्या अंदाजाला त्यावरून एका गुणकाने गुणते आणि पुढच्या वेळी दोन्ही आकडे आश्चर्य वाटावे इतके जवळ येतात. विक्रेत्याच्या जाहिरातीतली अचूकतेची टक्केवारी इथूनच आलेली आहे. पंपाचा आकडाही काटेकोर नसतो: नोझल आपोआप कधी बंद होईल ते सांगता येत नाही आणि इंधनाचे आकारमान तापमानानुसार बदलते, पेट्रोलच्या बाबतीत दर अंशाला साधारण एक दशांश टक्का. मात्र ओळीने अनेक टाक्यांचा हिशेब ठेवला तर पहिल्या आणि शेवटच्या भरण्यातलीच अनिश्चितता उरते, मधल्या भरण्यांची एकमेकांत जिरते. तेव्हा एकूण बेरजेसाठी पंपाची पावती हाच उत्तम मापदंड आहे, आणि तिला अडॅप्टर लागत नाही: लिटरला सुमारे २.३ किलो या हिशेबाने शंभर किलोमीटरला ६ लिटर पिणारी पेट्रोल गाडी किलोमीटरमागे १३८ ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडते, हे कागदावरही निघते.

म्हणजे अडॅप्टर घ्यायचे ते बेरजेसाठी नव्हे. कुठल्या रस्त्यावर, कुठल्या क्षणी, कशामुळे उत्सर्जन वाढते हे कळावे म्हणूनच कोणी ते घेईल, आणि नेमके तिथेच हा एक गुणक दिशाभूल करतो. उतारावर आणि सिग्नलकडे येताना होणारी फुगवट, आणि थंड इंजिनात होणारी घट, या दोन चुका परस्परविरुद्ध आहेत. टाकीच्या बेरजेत त्या एकमेकींना झाकतात. गुणक एक झाला की सगळे ठीक आहे असे वाटते. वस्तुस्थितीत शहरातला आकडा वर राहतो, लहान अंतराच्या सकाळच्या फेरीचा खाली राहतो आणि महामार्गाचा तेवढा बरा निघतो. मी हीच गाडी हाच मार्ग धरून इंधन-तोडीची सोय आधी बंद व मग चालू ठेवून चालवली, आणि दोन्ही वेळा स्वतंत्रपणे टाकीशी जुळवून घेतले. दोन्ही वेळा बेरीज जुळली. शहर आणि महामार्ग यांच्यातले अंतर मात्र दोन्ही वेळा वेगवेगळे दिसले. टाकीशी जुळणे ही प्रतिमानाची आवश्यक कसोटी आहे, पुरेशी नाही, हे ॲपने वापरणाऱ्याला कुठेतरी सांगायला हवे होते.

डिझेल गाडीबद्दल थोडक्यात सांगता येते: केवळ हवेच्या प्रवाहावर अवलंबून राहायचे असेल तर घेऊ नका. डिझेल इंजिन नेहमीच गरजेपेक्षा जास्त हवा घेते, आणि किती जास्त ते भारानुसार बदलते; रिकाम्या चालीवर तर ती अनेक पटींनी जादा असते. त्यातच एक्झॉस्टचा काही भाग पुन्हा आत सोडला जातो. हवेला ठरावीक संख्येने भागून इंधन काढणे इथे अर्थशून्य आहे, आणि ॲप ते बिनदिक्कत करते. गाडी इंधनप्रवाहाचा आकडा थेट देत असेल तर गोष्ट वेगळी. मग लिटरला सुमारे २.६५ किलोचा हिशेब सरळ लागतो.

अडॅप्टर न लावताही चालणारा दुसरा एक प्रकार ॲपमध्ये आहे. त्यात गाडीचे वजन, पुढचे क्षेत्रफळ आणि हवेच्या रोधाचा गुणांक भरायचा, बाकी सगळे ॲप जीपीएसच्या वेगावरून काढते: टायरांचा रोध, हवेचा रोध, चढ आणि प्रवेग यांना लागणारी शक्ती, आणि तिच्यावरून इंधन. संशोधनातली प्रतिमानेही याच पायावर उभी असतात. एमआयटीतील १९९९ च्या एका प्रबंधातून रूढ झालेली 'वाहनाची विशिष्ट शक्ती', म्हणजे दर टनामागे लागणारे किलोवॉट, ही कल्पना पुढे अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या मूव्ह्ज या प्रतिमानाचा आधार झाली. तिथे धावत्या गाडीच्या स्थितीचे २३ कप्पे करून प्रत्येकाला उत्सर्जनाचा दर दिलेला असतो. कल्पना भक्कम आहे, पण फोनवर तिची दमछाक होते. समजा वेग पूर्ण किलोमीटरमध्येच मिळतो आहे, जसा ओबीडीतून मिळतो. सेकंदाला ताशी एक किलोमीटरची पायरी म्हणजे ०.२८ मीटर प्रति सेकंद वर्ग इतका प्रवेग. १३०० किलोच्या गाडीला ताशी ७२ च्या वेगात त्यासाठी ७ किलोवॉटहून अधिक शक्ती लागते. त्याच गाडीला त्या वेगात सपाट रस्त्यावर स्थिर चालायला एकूण लागतात साधारण ६. म्हणजे वेगाचा आकडा ७२ वरून ७३ वर नुसता पलटला की प्रतिमानाला मूळ गरजेपेक्षा मोठा धक्का बसतो. ॲप वेगाचा आलेख गुळगुळीत करून हे झाकते, पण किती सेकंदांची सरासरी घेते ते सांगत नाही. सरासरी जास्त घेतली की खरे झटकेही पुसले जातात आणि आक्रमक ड्रायव्हर सौम्य दिसू लागतो.

चढाची गोष्ट याहून नाजूक आहे. एक टक्क्याचा चढ, जो गाडीत बसून जाणवतही नाही, त्याच गाडीला त्याच वेगात अडीच किलोवॉट जादा मागतो. जीपीएसची उंची काही मीटरांनी सहज इकडेतिकडे होते आणि सेकंदाला २० मीटर जाणाऱ्या गाडीत दोन मीटरांची चूक म्हणजे दहा टक्क्यांचा काल्पनिक चढ. ज्या फोनमध्ये हवेच्या दाबाचा सेन्सर आहे त्यात हा प्रकार पुष्कळच बरा चालतो; फक्त काच खाली केली की दाब बदलतो आणि गाडी क्षणभर टेकडी चढते. चढ मोजण्यासाठी काचा बंद ठेवाव्यात ही सूचना मदतपानावर आहे, आणि ती योग्य आहे.

आलेखांपैकी मला सर्वात उपयोगी वाटला तो सरासरी वेग आणि ग्रॅम यांचा. प्रत्येक फेरी त्यावर एक ठिपका होते आणि ठिपके साचत गेले की ओळखीचा खोलगट आकार दिसू लागतो: कमी वेगाला उत्सर्जन जास्त, मध्यम वेगाला सर्वात कमी, महामार्गाच्या वेगाला पुन्हा चढते. युरोपात देशपातळीवरच्या उत्सर्जनाच्या नोंदींसाठी वापरले जाणारे कोपर्ट हे प्रतिमान सरासरी वेगाच्या अशाच वक्रांवर चालते, आणि मोठ्या प्रदेशाच्या वार्षिक बेरजेसाठी ते पुरते. पण एका गाडीच्या एका फेरीसाठी का पुरत नाही, तेही याच आलेखात दिसते: एकाच सरासरी वेगाचे दोन ठिपके एकमेकांच्या बरेच वर-खाली पडतात, कारण एक फेरी संथ आणि अखंड होती, तर दुसरी थांबत-धावत गेली. कंपनीने वक्राच्या आजूबाजूला हा पसारा पट्टा म्हणून दाखवला असता तर आणखी बरे झाले असते.

'प्रमाणित आकड्याशी तुलना' या पानाबद्दल सावधगिरी हवी. तिथे गाडीच्या कागदावरचा आकडा भरायचा असतो, पण तो जुन्या एनईडीसी चाचणीचा की नव्या डब्ल्यूएलटीपीचा, हे ॲप विचारत नाही. दोन्हींत बराच फरक आहे. जुनी चाचणी ११ किलोमीटरची आणि ताशी ३३.६ च्या सरासरीची होती. नवी नेहमीच्या गाड्यांसाठी सुमारे २३ किलोमीटरची, ताशी ४६.५ च्या सरासरीची आहे आणि १३१ पर्यंत वेग गाठते. युरोपीय आयोगाने २०२४ च्या मार्चमध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, २०२१ मध्ये नोंदणी झालेल्या पेट्रोल व डिझेल गाड्यांचे रस्त्यावरचे उत्सर्जन डब्ल्यूएलटीपीच्या आकड्यापेक्षा सुमारे २० टक्क्यांनी जास्त होते, आणि प्लग-इन हायब्रिडचे, म्हणजे बाहेरून चार्ज करता येणाऱ्या हायब्रिड गाड्यांचे, सरासरी साडेतीन पट. तेव्हा ॲपने लाल रंगात '१८ टक्के जास्त' असे दाखवले, तर त्यात गाडीचा किंवा ड्रायव्हरचा दोष शोधण्याचे कारण नाही. प्लग-इन गाडीत तर बॅटरीवर चाललेल्या अंतराला ॲप सरळ शून्य लिहिते आणि साध्या हायब्रिडमध्ये फेरीच्या सुरुवातीचा व शेवटचा चार्ज वेगळा असला तरी त्याची वजावट करत नाही. लहान फेऱ्यांचे आकडे त्यामुळे दोन्ही बाजूंना भरकटतात.

वर सांगितलेला अहवाल ज्या नोंदींवर आधारला आहे, त्यांच्यामुळे या ॲपची एक नवी सोय महत्त्वाची ठरते. युरोपीय संघात २०२१ पासून विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांना स्वतःच्या आयुष्यभराचे इंधन आणि अंतर स्वतःच साठवावे लागते आणि इंधनाच्या त्या आकड्यात पाच टक्क्यांहून अधिक चूक चालत नाही. अशी नोंद ठेवणाऱ्या गाडीत ॲप तो आकडा वाचून दाखवते. प्रत्येक फेरीच्या आधी आणि नंतर वाचला की पंपाची वाट न पाहता अंदाज पडताळता येतो, तोही रस्त्याच्या प्रकारानुसार वेगवेगळा. टाकीच्या एका गुणकाने जे झाकले जात होते ते इथे उघडे पडते. ज्यांची गाडी ही नोंद ठेवते, त्यांच्यासाठी ही वस्तू एकदम वेगळ्या दर्जाची होते.

अडॅप्टरविषयी दोन व्यवहारी गोष्टी. ओबीडी सॉकेटची सोळावी पिन गाडी बंद असतानाही बॅटरीला जोडलेली असते. अडॅप्टर झोपेत जात नसेल आणि ५० मिलिॲम्पिअर ओढत असेल, तर दिवसाला १.२ ॲम्पिअर-तास जातात. गाडी काही आठवडे उभी राहणार असेल तर ते काढून ठेवावे. दुसरे म्हणजे ते एका वेळी एकच प्रश्न विचारते. वेग, हवा, फेरे आणि दाब असे चार आकडे मागितले की चारही एकाच क्षणाचे नसतात, आणि मागण्या वाढवल्या की प्रत्येकाची उत्तरे विरळ होत जातात. दहा-बारा रंगीत घड्याळे पडद्यावर मांडून ठेवण्यापेक्षा हिशेबाला लागणारे तीन-चार आकडेच चालू ठेवले तर उत्सर्जनाचा अंदाज स्पष्टपणे सुधारतो. नोंदी सीएसव्ही फाइलमध्ये काढता येतात आणि त्यात कच्चे आकडेही असतात. ज्याला स्वतः हिशेब मांडायचा आहे त्याला याहून जास्त काही लागत नाही.

विकत घेण्याआधी एखाद्या ओळखीच्याचे अडॅप्टर लावून, ॲपच्या मोफत आवृत्तीत आपली गाडी कोणकोणत्या प्रश्नांना उत्तर देते त्याची यादी उघडून पाहावी. इंधनप्रवाहाचा थेट आकडा किंवा आयुष्यभराच्या इंधनाची नोंद असेल तर अवश्य घ्यावे. हवेचा प्रवाह, इंधन यंत्रणेची स्थिती आणि आज्ञा दिलेले गुणोत्तर, हे तिन्ही असतील तर पेट्रोल गाडीसाठी घ्यायला हरकत नाही, फक्त पहिल्याच दिवशी ते 'प्रगत' पान उघडून इंधन-तोडीची सोय चालू करावी. यादीत वेग आणि इंजिनाचे फेरे एवढेच दिसत असतील, तर पंपाच्या पावत्या जपून ठेवाव्यात.